घुमटीच्या मागची भिंत

बाबांना पाहुण्यांपुढे काहीतरी मिरवायची फार हौस. पूर्वी ते वाडी दाखवायचे. केळी, पानवेली, विहिरीवरचा पंप, सगळं फिरवून आणायचे. मग वाडी बिल्डरला दिली, तिच्यावर इमारत उभी राहिली आणि त्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही राहायला आलो. आता दाखवायला गॅलरीतून दिसणारी शेजारची इमारत तेवढी उरली. म्हणून मला बघायला आलेल्या माणसांना बाबा बीबीची घुमटी दाखवायला घेऊन निघाले.

२००३ सालचा मे महिना. आम्ही बोळिंजचे. मुलगा माहीमचा, आमच्याच ज्ञातीतला, पण दोन पिढ्या मुंबईत काढल्यामुळे त्यांच्या घरात आमची बोली कुणाला येत नव्हती. नाव हर्षवर्धन. आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला. मी तेव्हा तिशीला टेकलेली, शाळेत गणित शिकवायचे, आणि आधीची स्थळं कुठे रंगावरून, कुठे विरार फार लांब पडतं म्हणून मोडलेली. हेही हातचं गेलं तर पुढे बिजवरच बघावा लागेल, असं बाबांनी मला आदल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं.

आणि खरं सांगायचं तर मुलगा मला आवडला. पोहे खाताना त्यानं स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असलं काही विचारलं नाही. "तुमच्या नववीच्या पोरांना भूमिती आवडते का हो?" असं विचारलं. नाही आवडत म्हटल्यावर हसला आणि म्हणाला, "कागदावर शिकवतात ना, म्हणून. भिंतीवर शिकवायला पाहिजे." मला हे वाक्य फारच आवडलं. स्वयंपाकघरात जाऊन मी आईला हळूच म्हटलं, बरा वाटतोय. आईनं तिथल्या तिथे देवाला हात जोडले.

एकच अडचण होती, आणि ती सांगायची मला लाज वाटत नाही. मला सकाळपासून लघवीला लागली होती. आमच्या फ्लॅटमध्ये संडासाचं दार थेट हॉलमध्ये उघडतं, आणि पाहुणे ठरल्या वेळेच्या बरेच आधी येऊन हॉलमध्ये बसलेले. त्यातून नळाला पाणी नाही. टँकर आला नव्हता, टिपात, म्हणजे मोठ्या पिंपात, साठवलेलं काय ते होतं. म्हणजे नेसलेल्या साडीत, भरलेली बादली घेऊन, नवऱ्या मुलाच्या गुडघ्याला घासत त्या दारातून आत जायचं आणि मग सगळ्यांनी ऐकत बसायचं. आई डोळ्यांनीच म्हणाली, जरा दम धर. मी धरला. पाहुणे उठले की पळायचं, असा माझा हिशेब होता.

तेवढ्यात त्याच्या वडिलांनी विचारलं, "वसईचा किल्ला आमचा बघून झालाय. इकडे अजून काही जुनंपानं आहे का?" बाबांची कळी खुलली.

"किल्ला काय, सगळेच बघतात," बाबा म्हणाले. "आमची घुमटी पोर्तुगीजांच्याही आधीची. गुजरातच्या सुलतानांच्या वेळची. गाडी आहेच तुमची. चला, आत्ता जाऊन येऊ. दोघांना बोलायलाही मिळेल." सगळे लगेच उठले, मलाही बरोबर ओढलं, आणि माझा हिशेब चुकला.

घुमटी म्हणजे एका बाईचं थडगं. कुणा सरदाराची बायको, बाळंतपणात गेली म्हणतात. नाव कुणालाच ठाऊक नाही, म्हणून नुसतीच बीबी. आमच्या वाडीवाल्यांत रीत अशी, की लग्न ठरलं की हळदीच्या आधी मुलीनं घुमटीवर जायचं आणि मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात गजरा ठेवायचा. बीबी सासरी जाणाऱ्या पोरींना सांभाळते. आजीनं ठेवला होता, आईनं ठेवला होता. निघताना आईनं फ्रिजमधला गजरा पिशवीत टाकलेला मी बघितला. "अजून ठरलं कुठे?" असं मी पुटपुटले, तर तिनं मला चिमटा काढला.

हर्षवर्धन गाडी चालवत होता. मी आणि आई मागे, त्याच्या आईच्या शेजारी. चंद्रकांता त्यांचं नाव. पोहे खातानाही त्या फारसं बोलल्या नव्हत्या. मांडीवर पर्स घट्ट धरून खिडकीबाहेर बघत होत्या. प्रत्येक खड्ड्याला मी दात आवळत होते. पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसलेले बाबा आणि त्याचे वडील मात्र इतिहासात बुडालेले. एक म्हणाला बहादूरशहा, दुसरा म्हणाला त्याच्याही आधीचा कुणीतरी.

खाडीकडे जाणारा रस्ता संपला आणि घुमटी दिसली. मी शाळेत शिकत असताना आले होते, त्यानंतर आत्ताच. काळ्या दगडाची चौकोनी, खोलीएवढी इमारत, वर घुमट, चारी बाजूंना टोकदार कमानी. बाजूला पडक्या धर्मशाळेचे खांब, पायऱ्यांची विहीर, कलंडलेली लहान लहान थडगी. लांबून अजूनही देखणी दिसते. लांबूनच बघून परत फिरायला हवं होतं.

गाडीचं दार उघडल्याबरोबर वास आला. धर्मशाळेच्या खांबांमध्ये नव्या इमारतींचं डेब्रिज आणून ओतलं होतं, फुटक्या टाइल्स, संडासाची फुटकी भांडी. त्याच्यावर दुधाच्या पिशव्या, दारूच्या बाटल्या, शिळ्या बिर्याणीचे डबे. विहिरीत टँकरवाल्यांनी पंप सोडला होता आणि पाइपाच्या सांध्यातून गळणाऱ्या पाण्यात तेच सगळं भिजून चिखल झाला होता. म्हणजे आमच्या टिपात येतं ते पाणी इथलं. वाटेवर दोन्ही बाजूंना माणसांनी केलेली घाण, ताजी आणि वाळलेली. आई आणि मी साडी घोट्याच्या वर धरून उड्या मारत चाललो होतो, आणि माझ्या त्या स्थितीत उडी मारणं म्हणजे काय असतं ते बाईलाच विचारावं.

"थोडी अस्वच्छता आहे," बाबा म्हणाले. थोडी!

चंद्रकांताकाकू गाडीपाशीच थांबल्या. मला नाही चालवत, म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्यानं एकदाही मागे वळून बघितलं नाही.

आत काळोख होता आणि वटवाघळांच्या घाणीचा तिखट वास. थडग्याच्या चौथऱ्यावर मेणबत्त्यांचं मेण, पत्त्यांचा जोड, गुटख्याच्या पुड्या. भिंतीवर हात पोचेल तिथपर्यंत नावं. बदामात बाण, बाणाखाली परेश आणि सलोनी. दगडी जाळीच्या एकेका भोकात पुड्या कोंबलेल्या. चारी कोपरे पिचकाऱ्यांनी लाल. एवढ्या मेहनतीनं कुणीतरी दगडाला लेस काढल्यासारखी नक्षी काढली, आणि आमच्या माणसांना तिथे थुंकावंसं वाटलं. मला शिसारी आली. आमच्याच गावची माणसं ही, दुसरीकडून कुणी आलेली नव्हेत. यातले दोन-चार तर माझ्याकडे भूमिती शिकलेले असणार.

हर्षवर्धन मात्र रंगात आला. त्यानं मला कोपऱ्यात बोलावलं आणि वर बोट दाखवलं. "हे बघा. चौकोनावर गोल कसा बसवायचा हा खरा प्रश्न. खाली चार कोपरे, वर एकही नको. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात ही तिरकी कमान घातली. चाराचे आठ झाले. आठाचे पुढे सोळा. सोळावर गोल सहज बसतो." मान वर करून मी बघत राहिले. खरंच चाराचे आठ होत होते. मला वाटलं, या माणसाबरोबर जन्म काढायला हरकत नाही. संध्याकाळी चहा पिताना हा असं काहीतरी सांगेल. पोटातली कळसुद्धा क्षणभर विसरले.

मग त्याची नजर नावांवर गेली आणि तो तापला. "लाज नाही लोकांना," तो म्हणाला. आवाज घुमटात घुमला. "साडेचारशे-पाचशे वर्षं टिकलेली वास्तू आहे, आणि हे लोक तिचं काय करतात बघा! जनावरं आहेत. आपल्या देशात वारसा म्हणजे काय ते कुणालाच कळत नाही. फटके मारले पाहिजेत एकेकाला." त्याचे वडील मान डोलवत होते. बाबा तर इतके खूश, की जणू पोराचं भाषण त्यांनीच लिहून दिलं होतं. मलाही पटत होतं. मी म्हटलं, "मागच्या भिंतीत एक कोनाडा आहे, तो बघा. आमच्या बायकांचा आहे."

"हो? बघतो ना. आलोच एका मिनिटात," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

मी पाठोपाठ निघाले. मोडक्या पायऱ्या, त्यात साडी, म्हणून मला जरा वेळ लागला. कोनाड्याची गोष्ट सांगायची, आजीचं सांगायचं, असं मनात जुळवत मी कोपऱ्यावरून वळले.

तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. कोनाड्याच्या बरोबर खाली. पाय फाकवलेले, मान मागे टाकलेली, आणि वरची नक्षी बघत आरामात मुतत होता.

मी मागे सरले. त्यानं बघितलं नाही. भिंतीवरून खाली ओघळ येऊन दगडांच्या फटीत शिरत होता आणि त्याला काही घाई नव्हती. शीळही घालत होता हळूच. मला आधी काय वाटलं असेल तर राग नाही, किळस. तोंडात पाणी सुटतं ना ओकारीच्या आधी, तसं झालं. आतल्या पिचकाऱ्या, बदाम, बाटल्या, त्या सगळ्यांची मिळून आली नव्हती एवढी किळस मला त्या स्वच्छ कपड्यांतल्या, चाराचे आठ करून दाखवणाऱ्या माणसाची आली. त्या थुंकणाऱ्यांनी निदान आधी भाषण तरी केलं नव्हतं.

मी पायऱ्यांवर परत आले तेवढ्यात तोही आला, पँटवर हात पुसत. "सुंदर आहे मागची बाजू," म्हणाला. "पण तिथेही घाण करून ठेवलीये लोकांनी." आणि मला उतरायला त्यानं तोच हात पुढे केला. "सांभाळून. दगड हलतायत."

मी त्या हाताकडे बघितलं आणि सरळ पायरीवर बसले. बसून, घसरत, साडीचा सत्यानाश करत खाली उतरले. बाबांनी डोळे वटारले.

"गजरा ठेवू या ना?" आई म्हणाली. "ठरल्यातच जमा आहे."

"मागे जाऊ नकोस," मी म्हटलं.

ती गेलीच. मी तिच्यामागे गेले. भिंत ओली, खाली ओलं, आणि वास असा की कळायला काही शंका नको. आईनं बघितलं. माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावरून तिला सगळं कळलं, हे मलाही कळलं. मग ती म्हणाली, "पाणी सांडलंय कुणाचं तरी." निऱ्या गुडघ्यापर्यंत उचलल्या, त्या ओल्यात पाय टाकला, टाचा उंचावल्या आणि माझ्या वाटचा गजरा कोनाड्यात ठेवून हात जोडले. मला आईची दया आली आणि त्याच वेळी तिचीही किळस आली.

येताना रस्त्याकडेला एक म्हातारी ताडगोळे घेऊन बसली होती. "घे बाबा, पानी हाय मजबूत, थंड हायत," ती म्हणाली. हर्षवर्धननं डझनभर घेतले, बॉनेटवर ठेवले आणि स्वतः सोलायला बसला. नखांनी साल काढायची, पांढरा गोळा बोटांत धरायचा, एकेकाला द्यायचा. बाबांनी तोंडात टाकला. हनुवटीवरून पाणी ओघळलं. "वा!" म्हणाले. "जावईबापूंच्या हातचा!" मी खिडकीची काच वर केली.

पाहुणे आम्हाला गेटपाशी सोडून गेले. मी निरोप घ्यायलाही थांबले नाही. जिन्यात चपला हातात घेतल्या, दार उघडलं, टिपातून बादली भरून घेतली आणि आत जाऊन दार लावलं. आग होत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी तिथे बसून रडले, बराच वेळ.

बाहेर आल्यावर मी सांगून टाकलं. मला हा मुलगा नको.

बाबांना आधी वाटलं, हुंडाबिंडा काही मागितला की काय. कारण सांगितल्यावर ते हसले. पोट धरून हसले. "एवढ्यावरून? अगं पुरुष आहे तो. लागली की कुठे जायचं त्यानं?"

"मग बाईनं कुठे जायचं?"

"तो विषय वेगळा."

"वेगळा कसा? मी सकाळपासून धरून बसले होते. तो बीबीच्या कोनाड्याखाली उभा राहिला."

"त्याला काय ठाऊक कोनाड्याचं?"

"मी सांगितलं होतं. सांगितल्यावर गेला तो."

बाबा आईकडे वळले. "तू बघितलंस काही?"

आई पोह्यांच्या बश्या उचलत होती. "पाणी होतं," ती म्हणाली. "कुणाचं काय माहीत."

"ऐकलंस? ज्ञातीत काय सांगू मी? मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, माहीमला स्वतःचा फ्लॅट, आणि आमच्या मुलीनं नाकारला. का? तर भिंतीवर मुतला म्हणून! लोक मला हसतील का तुला?" मग आवाज उतरवून म्हणाले, "संपदा, यापुढे तुला स्थळ येणार नाही. नीट विचार कर."

ते खोटं बोलत नव्हते, हे मला माहीत होतं. आणि मला भीतीही वाटली, नाही असं नाही.

दिवेलागणीला फोन वाजला. बाबांनी झडप घातली. "हो हो, बोला वहिनी. पसंत? अहो, आमचं भाग्य! आमच्याकडून होकारच समजा." मी उठले आणि त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. ते इतके दचकले की त्यांनी सोडूनही दिला.

"काकू, मी संपदा. माझा नकार आहे."

"का गं?" चंद्रकांताकाकूंचा आवाज घाबरलेला वाटला. "काही चुकलं का आमचं?"

बाबा हातवारे करत होते, पत्रिकेचं सांग, पत्रिकेचं सांग. मी खरं ते सांगितलं. घुमटीच्या मागे काय बघितलं, कुठल्या कोनाड्याखाली, आणि नंतर कुठल्या हातांनी ताडगोळे सोलले. एकही शब्द गाळला नाही. बाबा भिंतीला टेकून खाली बसले.

"अगं," काकू हळूच म्हणाल्या, "घाईची लागली असेल त्याला."

"मलाही लागली होती, काकू. सकाळपासून. घरी परत येईपर्यंत."

पलीकडे मागे टीव्ही चालू होता, हर्षवर्धन आणि त्याचे वडील कशावर तरी मोठमोठ्यानं हसत होते. मग त्या बोलल्या, इतक्या हळू की मला रिसीव्हर कानात दाबावा लागला.

"मलाही लागली होती," त्या म्हणाल्या. "माहीमला पोचेपर्यंत. वाटेत त्यानं दोनदा गाडी थांबवली. स्वतःसाठी."

जाता-येता गाडीत मी या बाईच्या शेजारी बसले होते. मांडीवरची पर्स ती का आवळून धरत होती ते मला, मला एकटीला, कळायला हवं होतं.

"तू काळजी करू नकोस," काकू म्हणाल्या. "मी कळवते, आमच्याच गुरुजींनी सांगितलं, पत्रिका जुळत नाही. तुझ्यावर काही यायचं नाही. यांना खरं कारण सांगितलं तर हसतीलच फक्त."

"काकू, तुम्ही..."

"आई!" मागून हर्षवर्धननं हाक मारली. "बाथरूममध्ये टॉवेल नाहीये!"

"आले रे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.